झिंदरनफ नकाशावर कुठे? काल्पनिक लष्करी किल्ल्याची जागा हुडकण्याची पद्धत

शाळेत इंग्रजी व्याकरणासाठी ‘रेन अँड मार्टिन’ घोकलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की या जोडीतला रेन मुळात कादंबरीकार म्हणून जगभर गाजला. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. १९२४ साली त्याची ‘बो जेस्ट’ ही कादंबरी आली: फ्रेंच फॉरेन लीजन (परदेशी शिपायांची फ्रेंच फौज), तीन इंग्रज भाऊ आणि सहारातला एक एकाकी किल्ला, झिंदरनफ. तटावर मेलेले शिपाई बंदुकांसह उभे करून ठेवलेले, आणि मदतीला आलेल्या तुकडीला किल्ला जिवंत वाटतो, हा प्रसंग त्यातलाच.

हा किल्ला कुठल्याच नकाशावर नाही. तरी फ्रेंच सैन्याने तो खरोखर बांधला असता तर कुठे बांधला असता, याचे उत्तर बऱ्यापैकी बारकाईने काढता येते. घरबसल्या करायचा हा उद्योग आहे आणि त्याला इतिहासाची पदवी लागत नाही. गूगल अर्थ, एक वही आणि जुने नकाशे एवढ्यावर भागते. खाली झिंदरनफ धरूनच सगळी पद्धत सांगतो. कादंबरी वाचायची राहिली असेल तर थोडा रसभंग होईल, त्याला इलाज नाही.

आधी ठरवा: कोणती कथा प्रमाण मानायची

एकाच कथेवर कादंबरी, नाटक, दोन-चार चित्रपट असतात आणि प्रत्येकात भूगोल वेगळा असतो. नवखे लोक हटकून चित्रपटातल्या दृश्यांवरून सुरुवात करतात. गॅरी कूपरच्या १९३९ च्या चित्रपटातली वाळू सहाराची नाहीच. ते चित्रण अमेरिकेत, युमा शहराजवळच्या वाळूच्या टेकड्यांत झाले. त्या टेकड्यांचा आकार पाहून आफ्रिकेत जागा शोधू गेलात तर आयुष्य जाईल. एक संहिता निवडा, शक्यतो मूळ पुस्तक, आणि बाकी सगळे बाजूला ठेवा.

धागेदोरे उतरवून काढा

पुस्तक हातात घेऊन जागेशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहा. भाषा कितीही अलंकारिक असो, आपल्याला फक्त दिशा, अंतर, वेळ, पाणी, शत्रू आणि वाहतूक एवढेच हवे आहे. झिंदरनफचे माझे टिपण असे झाले:

- नावात ‘झिंदर’ आहे. झिंदर हे आजच्या नायजर देशातले खरे शहर. ‘नफ’ म्हणजे फ्रेंचमध्ये नवे.
- किल्ला झिंदरच्या बऱ्याच उत्तरेला आहे.
- वेढा घालणारे तुआरेग, म्हणजे सहारातले भटके टोळीवाले, आहेत.
- मदत तोकोतू नावाच्या दुसऱ्या ठाण्यावरून येते (तेही काल्पनिक), आणि किल्ल्यातून शेवटची गोळी सुटण्याआधी पोचते.
- पळालेले लोक दक्षिणेकडे, ब्रिटिश नायजेरियाच्या दिशेने जातात. कथेची सुरुवातही त्याच मुलखातल्या एका इंग्रज अधिकाऱ्यापासून होते.
- किल्ल्यापासून थोड्या अंतरावर झाडीचे पाणवठ्याचे ठिकाण आहे.
- शिबंदी फॉरेन लीजनची आहे.
- काळ पहिल्या महायुद्धाच्या आधीचा.

आता प्रत्येक धाग्यापुढे एक खूण करा: हा बदलला तर कथा मोडते का? पळून नायजेरियाकडे जाणे काढले तर अर्धी कादंबरी कोसळते. म्हणून तो पक्का धागा. रात्रीच्या आकाशाचे वर्णन काढले तर काहीच बिघडत नाही. तो कच्चा. नावांवर फार भिस्त ठेवू नका. लेखक नावे कानाला कशी लागतात ते पाहून ठेवतो. इथे मात्र नाव आणि बाकीचे धागे एकाच मुलखाकडे बोट दाखवतात, म्हणून ते उपयोगाचे.

काळाची चौकट

किल्ला बांधायला तिथे आधी सैन्य हवे. झिंदर फ्रेंचांच्या हाती आले १८९९ मध्ये, फ्रेंच कॅप्टन काझमाजूचा तिथे खून झाल्याच्या पुढच्याच वर्षी. तिथल्या खऱ्या किल्ल्याला त्याचेच नाव दिले गेले. अगादेझ आणि बिल्मा या आणखी उत्तरेकडच्या गावी फ्रेंच ठाणी बसली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. म्हणजे झिंदरच्या ‘बऱ्याच उत्तरेला’ एखादे एकाकी ठाणे असायचे तर ते साधारण १९०६ ते १९१४ या पट्ट्यातच बसते. त्याआधी ते बांधणारे कोणी नव्हते.

हे पाऊल बरेच जण गाळतात आणि मग १९३१ साली बांधलेल्या मादामाच्या किल्ल्याला झिंदरनफ ठरवून मोकळे होतात. मादामा उपग्रहचित्रात जरूर पाहा. ओसाड मैदानातला चौकोनी मातीचा कोट कसा दिसतो, त्याचा अंदाज येतो. पण आपल्या काळात तो नव्हता, आणि तो लिबियाच्या सीमेलगत, झिंदरपासून हजार किलोमीटरच्या आसपास आहे.

वर्तुळे काढा

गूगल अर्थमध्ये मोजपट्टीचे साधन उघडा. कानो (उत्तर नायजेरियातले शहर) ते झिंदर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या थोडे वर. झिंदर ते अगादेझ साडेतीनशेहून जास्त. अगादेझ ते बिल्मा साडेपाचशेच्या आसपास. हे तीन आकडे पाठ झाले की या मुलखाचा आवाका कळतो.

आता वेग. पायदळाची चाल वाळवंटात रोज ३० ते ४० किलोमीटर धरा. लीजनच्या खेचरस्वार तुकड्या, म्हणजे दोन माणसांत एक खेचर आणि आळीपाळीने बसायचे, ५० ते ६० पर्यंत जात. उंटस्वारही घाईत तेवढे किंवा थोडे जास्तच. यावरून तोकोतू आणि झिंदरनफ यांच्यातले अंतर ठरते. मदत वेढा चालू असताना पोचायची, आणि मुळात निरोप घेऊन एक माणूस आधी जायचा, तर दोन्ही ठाणी १०० किलोमीटरच्या आतच हवीत. मी ६० ते १०० धरतो.

हे अंतर वाढले की काय होते ते खऱ्या इतिहासात दिसते. काओसेन या तुआरेग म्होरक्याच्या बंडात तुआरेगांनी १३ डिसेंबर १९१६ ला अगादेझच्या फ्रेंच ठाण्याला वेढा घातला. झिंदरहून निघालेली फौज तो उठवू शकली ३ मार्च १९१७ ला. ८० दिवस! झिंदरनफची शिबंदी एवढे दिवस तग धरत नाही. तेव्हा मदतीचे ठाणे झिंदर असूच शकत नाही, आणि ‘तोकोतू म्हणजे झिंदरच’ हा आवडता तर्क इथेच बाद होतो.

पाणी

इथे सर्वात जास्त वेळ घाला. गडावर गेल्यावर आधी टाकी मोजणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. सहारात तर सरहद्दीही पाण्याने ठरल्या. ब्रिटिश-फ्रेंच करारांनी आधी जी रेघ ओढली होती, तिने फ्रेंचांना नायजर नदीपासून चाड सरोवराकडे जायला फक्त निर्जळ वाट उरली होती. १९०४ च्या करारात ती रेघ दक्षिणेकडे सरकवली गेली, ती विहिरी असलेली वाट फ्रेंचांना मिळावी म्हणून. दोन साम्राज्ये जिथे विहिरींसाठी वाटाघाटी करतात, तिथे एखादा कॅप्टन पाण्याशिवाय किल्ला बांधेल हे शक्य नाही.

हिशेब असा मांडा. शिबंदी ५० माणसांची धरली आणि पिणे, स्वयंपाक, थोडी धुण्याधुवायची गरज मिळून माणशी १० लिटर, तर ५०० लिटर. ३० खेचरे, प्रत्येकी २५ लिटर, म्हणजे ७५०. एकूण रोज १२५० लिटर. उंट असतील तर रोज नको, पण पितील त्या दिवशी एकेक जण १०० लिटरही ओढतो. विहीर ३० मीटर खोल आणि कातडी मोट ३० लिटरची असेल तर रोज चाळीसेक खेपा. दोन-तीन तासांचे काम. जमते, पण विहीर आटली किंवा शत्रूने तिच्यात मेलेला उंट टाकला की संपले. म्हणून एकाऐवजी दोन पाणवठे असलेली जागा शोधा, आणि त्यातला एक तटाच्या आत किंवा बंदुकीच्या टप्प्यात हवा.

पाणी शोधायला आजचे नकाशे कमी पडतात, कारण त्यात अलीकडच्या बोअरवेल असतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर वसाहतकालीन नकाशे फुकट पाहता येतात. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानेही आफ्रिकेचे जुने लष्करी नकाशे खुले ठेवले आहेत. फ्रेंच भूगोल संस्थेचे एकास दोन लाख प्रमाणातले नकाशे नंतरच्या काळातले असले तरी विहिरींच्या नोंदींसाठी सोन्यासारखे. त्यांत ‘पुई’, ‘हासी’, ‘बीर’ दिसले की विहीर, ‘ऐन’ म्हणजे झरा, ‘गेल्टा’ म्हणजे खडकातला डोह, ‘वेद’ किंवा नायजरमध्ये ‘कोरी’ म्हणजे कोरडी नदी. शेवटचा शब्द लक्षात ठेवा, आपले उत्तर त्याच्याच काठी आहे.

विहिरीच्या वयाचीही खात्री करा. तेनेरेच्या वाळवंटातले एकाकी बाभळीचे प्रसिद्ध झाड (१९७३ मध्ये एका ट्रकने पाडले ते) नकाशावर ठळक दिसते आणि शेजारी विहीरही. मोह होतो. पण ती विहीर १९३८-३९ च्या सुमाराला खणली. खणताना झाडाची मुळे तीस मीटरहून खोल पाण्यापर्यंत गेलेली सापडली. आपल्या काळात तिथे फक्त झाड होते.

जमीन आणि वारा

चित्रपटांनी मनावर बिंबवलेले चित्र म्हणजे लाटांसारख्या टेकड्यांच्या मधोमध उभा किल्ला. लष्करी डोळ्याने पाहिले तर हा वेडेपणा आहे. टेकडीआड शंभर माणसे लपतात, आणि वारा दोन-चार वर्षांत वाळू तटाच्या माथ्यापर्यंत आणून टाकतो. किल्ला हवा खडबडीत, सपाट, खडे पसरलेल्या मैदानावर किंवा कमी उंचीच्या खडकावर, चारी बाजूंना निदान चारशे मीटर मोकळे. त्या काळच्या लबेल बंदुकीचा पल्ला कागदावर कितीतरी मोठा, पण धावत्या माणसाला नेमका टिपायचा म्हटले तर एवढेच खरे.

कथेतले झाडीचे ठिकाण किल्ल्यापासून सुटे आहे, आणि ते बरोबरच आहे. झाडी तटाला चिकटून असती तर हल्लेखोरांना आयता आडोसा झाला असता.

टेकड्या जवळ असल्याच तर वाऱ्याची दिशा बघा. या भागात कोरड्या मोसमात वारा ईशान्येकडून येतो, म्हणून वाळू नैर्ऋत्येकडे सरकते. टेकडीच्या नैर्ऋत्येला पिन ठोकू नका. आणि कोरड्या नदीच्या पात्रातही नको. अगादेझला वर्षाला जेमतेम शंभर-दीडशे मिलीमीटर पाऊस पडतो, पण तो जुलै-ऑगस्टात, डोंगरावर एकदम. पात्र तासाभरात भरून वाहते. किल्ला काठावरच्या उंच धक्क्यावर, विहिरी पात्रात: ही जोडी शोधा.

नजरेचा टप्पा

छोटेसे गणित. उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. १० मीटर उंच बुरुजावरून साडेअकरा किलोमीटरला थोडे कमी. तशाच दुसऱ्या बुरुजाशी आरशाने उन्हाचे संदेश द्यायचे तर २२-२३ किलोमीटर ही हद्द. ६० किलोमीटरवरचे तोकोतू सपाटीवरून दिसणार नाही. मग निरोप्या का पाठवावा लागला याचेही उत्तर मिळते. गूगल अर्थमध्ये दोन ठिकाणांमधली रेघ ओढून तिचा उंचसखलपणा पाहता येतो. मध्ये डोंगर आडवा आला तर ते आपल्या बाजूचेच समजा.

धागे भांडतात तेव्हा

आतापर्यंत सगळे सुरळीत चालले. आता लीजन.

फॉरेन लीजनचे घर तेव्हा अल्जेरियात सिदी बेल अब्बेसला होते. तिथून झिंदर सरळ रेषेत अडीच हजार किलोमीटर. मध्ये रेल्वे नाही. दक्षिण ओरानची लोहमार्गाची रेघ त्या दशकात कोलोंब-बेशारपर्यंत येऊन थांबली होती. झिंदरकडचा मुलूख पश्चिम आफ्रिकेच्या सैन्याचा: सेनेगाली टिरायर (आफ्रिकी पायदळ) आणि उंटस्वार. लीजनच्या कंपनीला तिथे दाणागोटा पुरवायला कोणतेच खाते तयार झाले नसते. लीजनच्या खऱ्या वाळवंटी लढाया झाल्या त्या अल्जेरिया-मोरोक्को सरहद्दीवर. ऑगस्ट १९०३ मध्ये तागीतच्या ठाण्याला हजारो हल्लेखोरांनी वेढले, आणि पुढच्याच महिन्यात, २ सप्टेंबरला, एल मुंगारला लीजनची खेचरस्वार कंपनी ताफ्यासह गाठली गेली. किल्ला, वेढा, टेकड्या, खजुराची बाग, सगळे तागीतला आहे. रेन स्वतः लीजनमध्ये होता की नाही यावर वाद आहेत, पण या बातम्या त्या काळी कोणीही वाचू शकत होते.

म्हणून काहीजण झिंदरनफ सरळ तागीतच्या पट्ट्यात नेऊन ठेवतात. मला ते पटत नाही. तिकडे गेलात की लीजनचा एक धागा सांभाळला जातो, पण झिंदर जाते, तुआरेग जातात (तिकडचे हल्लेखोर वेगळ्या टोळ्यांचे), आणि पळणाऱ्यांना नायजेरिया गाठायला दोन हजार किलोमीटरहून जास्त सहारा तुडवावा लागतो. कादंबरीत त्यांचे हाल दीर्घकाळ चालतात हे खरे, पण त्यालाही काही मर्यादा.

धागे भांडले की माझा नियम साधा आहे. लेखकाला जे सहज हलवता येते ते सोडा. रोमांचासाठी गणवेश बदलणे एका वाक्याचे काम. दिशा, शत्रू, शेजारचा देश आणि पळण्याची वाट हे चारही एकदम बदलायचे तर नवी कादंबरी लिहावी लागते. तेव्हा झिंदरनफ नायजरमध्येच, आणि लीजन तिथे रेनने नेले.

पिन ठोका

झिंदरच्या लगेच उत्तरेला तानूतचा भाग आहे. तिथे विहिरी आहेत, गवत आहे, गुरे आहेत. वाळवंट म्हणावे असे नाही, आणि ‘बऱ्याच उत्तरेला’ही नाही. अगादेझला स्वतःचे ठाणे होते, बिल्मालाही. अगादेझच्या ईशान्येला आईरचा डोंगराळ प्रदेश उभा आहे. त्यातल्या बागझान पठारावर नायजरचे सर्वोच्च शिखर, दोन हजार मीटरच्या थोडे वर. या डोंगरातल्या कोऱ्या पूर्वेकडे उतरतात आणि तेनेरेच्या वाळूत विरून जातात. जिथे त्या डोंगर सोडतात तिथे पात्राच्या वाळूखाली, फार खोल नसलेले पाणी असते, काठी बाभळी असतात, आणि पुढे शेकडो किलोमीटर काही नसते.

किल्ल्याला कारणही इथेच सापडते. दर शरद ऋतूत अगादेझहून बिल्माच्या मिठासाठी उंटांचा मोठा तांडा, अझालाई, याच बाजूने तेनेरेत शिरायचा. १९०६ च्या तांड्यात २०,००० उंट होते असे सांगतात. एवढी संपत्ती जाता-येता एकाच वाटेने जाणार म्हटल्यावर लुटारूही तिथेच येणार आणि पहारेकरीही. नकाशात कारण नसलेला किल्ला मला नेहमी संशयास्पद वाटतो. या जागेला कारण आहे.

माझी पिन: साधारण १७.५ अंश उत्तर, ९.२ अंश पूर्व, बागझानच्या पूर्वेला, पठार संपून वाळू सुरू होते त्या कडेवर. झिंदरपासून ४१० किलोमीटर, कानोपासून सहाशेच्या थोडे वर, अगादेझपासून १४०. पायी पळणाऱ्याला कानो गाठायला विहिरी धरत गेल्यास तीनेक आठवडे किमान, आणि वाट चुकली, पाठलाग झाला, आजारपण आले की महिनेच्या महिने. कथेला साजेसे.

पिनेभोवती ५० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळही काढा आणि ते कधीही पुसू नका. आपण एवढ्याच अचूकतेने बोलू शकतो. त्या वर्तुळात उपग्रहचित्र मोठे करून एकेका कोरीच्या काठाने जा. धक्का, खडक, झाडीची हिरवी रेघ, चारशे मीटर मोकळी जागा: हे चारही जमणाऱ्या दोन-तीन जागा निवडून त्यांना क्रमांक द्या. शेजारी एका ओळीत लिहा की कशामुळे ही जागा बाद होईल. माझ्या पहिल्या क्रमांकापुढे लिहिले आहे: ‘१९१० च्या आधीच्या नकाशात इथे विहीर नसेल तर.’

तोकोतूची पिन यानंतर आपोआप पडते. अगादेझ आणि झिंदरनफ यांच्या साधारण मध्ये, दोन्हींपासून ७० किलोमीटर, आईरच्या दक्षिण पायथ्याशी. तिथे खेचरांसाठी बारमाही पाणी हवे, म्हणून झिंदरनफपेक्षा मोठा पाणवठा शोधा. ते काम तुम्ही करून बघा.